बोलकी पुस्तकं, मे महिन्यातला पंखा आणि नवखे संपादक

हे प्रकरण मुंबईतल्या एका छोट्या वाचकगटाचं आहे. अंध विद्यार्थ्यांसाठी शालेय पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायची, हे त्यांचं काम. गटात सात-आठ जण. दोघी निवृत्त शिक्षिका, बँकेतून निवृत्त झालेले एक काका, बाकी बहुतेक गृहिणी. घरं गिरगाव, परळ, मुलुंड, बोरिवली अशी विखुरलेली, त्यामुळे जो तो आपापल्या घरी बसून वाचतो आणि फाइल एका ठिकाणी जमा होतात. या कामाला कायद्याची आडकाठी नाही. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि दिव्यांग व्यक्तीला वापरता येईल अशा स्वरूपात पुस्तक करून द्यायला मुभा मिळाली. पुढे अंध वाचकांसाठीच्या माराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा पहिला देश ठरला, २०१४ साली. तेव्हा अडचण परवानगीची नव्हती.

वाचनातही गट तरबेज आहे. सगळ्यांचे उच्चार स्वच्छ, विरामचिन्हांची जाण पक्की, कविता वाचताना लय सुटत नाही. घोडं अडायचं ते वाचून झाल्यावर. मागे पंख्याची घरघर, मध्येच रिक्षाचा हॉर्न, एखादं अडखळलेलं वाक्य, एकीचा आवाज मोठा तर दुसरीचा बारीक. हे सगळं निस्तरायला कॉलेजात शिकणारा एक मुलगा होता. त्याला बंगळुरूला नोकरी लागली आणि ऐन एप्रिलमध्ये गटापुढे प्रश्न उभा राहिला. शाळा जूनच्या मध्यावर उघडणार, तोवर सहावी-सातवीची पुस्तकं तयार कोण करणार? ठरलं की आपलं आपणच करायचं. मी अंधेरीत डबिंगच्या ध्वनिसंपादनाचं काम करते. गटातल्या एका बाईंनी मला बोलावलं ते ‘आम्हाला ते सॉफ्टवेअर शिकव’ एवढ्यासाठी.

ते सॉफ्टवेअर म्हणजे ऑडॅसिटी. १९९९ साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी ते करायला घेतलं आणि मे २००० मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतं. आणि आमच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे माउसला हात न लावता, नुसत्या कीबोर्डवर त्यात बहुतेक सगळं काम होतं. याचा उपयोग पुढे झाला, तो सांगेनच.

काय अडलं होतं

आधी मी गटाकडच्या फाइल ऐकल्या. फसलेल्या फाइलींचे प्रकार मोजकेच निघाले आणि प्रत्येकामागचं कारण वेगळं होतं.

काकांनी सातवीच्या इतिहासाचा एक धडा पाठवला होता. फाइल उघडली तर आत आवाजच नाही, आणि आकार जेमतेम काही केबी. काकांच्या लॅपटॉपवर ऑडॅसिटीची जुनी आवृत्ती होती. तिच्यात ‘सेव्ह’ केलं की शेवटी एयूपी असलेली एक छोटी फाइल तयार व्हायची आणि खरा आवाज शेजारच्या फोल्डरमध्ये बारीक बारीक तुकड्यांत राहायचा. काकांनी ती छोटी फाइल पेनड्राइव्हवर घेतली, फोल्डर घरीच राहिला. नंतर जागा मोकळी करताना तोही पुसला गेला. पाऊण तासाचं वाचन गेलं. काका फार शांत माणूस, पण त्या दिवशी ते म्हणाले, “मी सेव्ह केलं होतं हो, दोनदा केलं होतं.” आणि ते खरंच होतं.

या अडचणीवर शिकवण्याचा उपाय करता आला असता. ‘सेव्ह वेगळं, एक्स्पोर्ट वेगळं, फोल्डर विसरू नका’ असा कागद भिंतीवर लावायचा. पण ऑडॅसिटी करणाऱ्यांनीच हे दुखणं मुळापासून काढलं आहे. मार्च २०२१ च्या ३.० आवृत्तीपासून सगळा प्रकल्प एकाच फाइलमध्ये राहतो. एमपी३ चं तसंच. पूर्वी एमपी३ काढायची तर लेम नावाचं वेगळं लायब्ररी-सॉफ्टवेअर शोधून बसवावं लागे. एमपी३ वरचे पेटंट हक्क २०१७ मध्ये संपले आणि २०१९ पासून ते आतच येऊ लागलं. नवख्यांना सर्वात जास्त छळणाऱ्या दोन गोष्टी अशा कोणाला काही न शिकवता मिटल्या. आम्ही सगळ्यांच्या लॅपटॉपवर नवी आवृत्ती टाकली आणि हा विषय संपला.

दुसरा प्रकार आवाज फाटलेल्या फाइलींचा. कविता आली की वाचणारा रंगात येतो, माइकची पातळी आधीच चढवलेली असते, आणि आवाजाच्या लाटांचे माथे सपाट कापले जातात. हे नंतर धड दुरुस्त होत नाही. त्यावर उपाय साधा आहे: धड्यातलं सर्वात जोरात वाचलं जाणारं वाक्य आधी वाचून पाहायचं आणि आवाजाची पातळी दाखवणारा मीटर उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ द्यायचा नाही. एवढं सगळ्यांनी पहिल्याच दिवशी उचललं.

तिसरा प्रकार मात्र चिवट निघाला. बाकीचं बहुतेक प्रकरण त्याचंच आहे.

शेजारी बसून पाहिलं तेव्हा

मुलुंडच्या बाईंनी सहावीच्या विज्ञानाचे धडे साफ करून पाठवले होते. पंखा पूर्ण गायब. दोन वाक्यांच्या मध्ये एकदम मिट्ट शांतता. पण शब्द सुरू झाले की त्यांच्या मागे धातूची किणकिण व्हावी तसं काहीतरी ऐकू येई आणि शब्दांच्या कडा उडालेल्या असत. बाईंना हे समजत होतं. “कान देऊन ऐकलं की कसंसंच होतं,” त्या म्हणाल्या, “पण पंखा तर गेला ना?”

मी त्यांच्या शेजारी बसले आणि म्हटलं, नेहमी करता तसं करा, मी काही बोलणार नाही. त्यांनी ‘नॉइज रिडक्शन’ची खिडकी उघडली. ही खिडकी दोन टप्प्यांत काम करते. आधी जिथे फक्त नको असलेला आवाज आहे असा तुकडा निवडून ‘गेट नॉइज प्रोफाइल’ दाबायचं, म्हणजे सॉफ्टवेअर त्या घरघरीचा नमुना घेतं. मग सगळी फाइल निवडून तीच खिडकी पुन्हा उघडायची आणि तीन सरकपट्ट्या जुळवून ‘ओके’ म्हणायचं. पहिली पट्टी किती डेसिबलने कमी करायचं याची, दुसरी संवेदनशीलतेची, तिसरी कंप्रतेच्या पट्ट्यांमधल्या गुळगुळीतपणाची. बाई पहिल्या पट्टीवर आल्या आणि ती उजवीकडे पार टोकाला नेली, अठ्ठेचाळीसवर.

“बाई, एवढा आकडा का?” न राहवून मी विचारलंच.

“अगं, केर काढायचा तर अर्धा का ठेवायचा?”

बाईंचं म्हणणं चुकीचं म्हणता येईल का? त्यांना एक पट्टी दिलेली आहे, तिच्यावर ‘कमी करा’ असं लिहिलेलं आहे, आणि त्यांना घरघर नको आहे. टोकाला नेणं हाच त्यातला सरळ निर्णय आहे. पलीकडे काय तोटा होणार हे त्या खिडकीत कुठेच लिहिलेलं नाही. माझ्यासारखीला तो तोटा माहीत असतो कारण आम्ही वर्षानुवर्षं तो कानाने भोगलेला असतो.

तो तोटा होतो कसा, ते थोडं सविस्तर सांगते. हे साधन आवाजाचे अगदी छोटे छोटे काप करतं आणि प्रत्येक कापाचे खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत शेकडो पट्टे पाडतं. घेतलेल्या नमुन्यावरून प्रत्येक पट्ट्यात पंखा किती जोरात आहे याचा अंदाज बांधलेला असतो. ज्या क्षणी एखाद्या पट्ट्यातला आवाज त्या अंदाजाच्या खाली असेल, त्या क्षणी तो पट्टा दाबला जातो. स्वर मोठे असतात, ते तरून जातात. पण ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘ख’, ‘छ’ यांच्यात जो हवेचा फुसकारा असतो तो मुळातच खरखरीसारखा आणि हळू असतो. यंत्राला तो पंख्याचाच भाऊ वाटतो. महाप्राण व्यंजनांमधला ‘ह’कार असाच कापला जातो. मराठीत अशी व्यंजनं पावलोपावली येतात, म्हणून हा मार मराठी वाचनाला चांगलाच बसतो.

गिरगावच्या काकूंचं वेगळंच. त्या खिडकी उघडायच्या, सगळं वाचायच्या आणि काहीही न दाबता बंद करायच्या. विचारलं तर म्हणाल्या, “बिघडलं तर? परत एवढं वाचायचं म्हणजे…” काकूंच्या चाळीत दुपारी दोन ते चार एवढीच काय ती शांतता असते. त्या दोन तासांत वाचलेला धडा त्यांच्यासाठी सोन्यासारखा होता आणि त्या तो एका अनोळखी बटणापायी पणाला लावणार नव्हत्या.

आणखी एक गोष्ट दोघातिघांच्या बाबतीत दिसली. आवाज चालू असताना ‘इफेक्ट’च्या यादीतली नावं करडी दिसतात आणि दाबली जात नाहीत. थांबवायचं चौकोनी बटण दाबलं की ती परत येतात. ज्याला हे माहीत नाही, तो लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करतो. परळच्या ताई तेच करत होत्या.

‘फळ’ की ‘पळ’

फाइल चांगली झाली की वाईट, हे ठरवायचं कोणी? गटात तोवर वाचणारेच ठरवत होते आणि त्यांचा निकष होता शांतता. मी म्हटलं, जो ऐकणार आहे त्याला विचारू. याच गटाची पुस्तकं ऐकून दहावी झालेला एक मुलगा आता कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला बोलावलं. त्याने बाईंचा धडा लावला, वेग दुपटीच्या जवळ नेला आणि मिनिटभरात थांबवला. आपण वाचणारे लोक विसरतो की स्क्रीन रीडरची, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरची, सवय असलेला माणूस एवढ्या वेगाने ऐकतो, आणि त्या वेगात व्यंजन म्हणजे एक क्षणभराचा इशारा असतो.

“फळ म्हणाल्या की पळ, ते वाक्य संपल्यावर कळतं,” तो म्हणाला. “पंखा राहू दे की. पंखा मी ऐकतच नाही. शब्द नका कापू.”

बाई क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “मग हे मला ते सॉफ्टवेअर का नाही सांगत?”

या प्रश्नापाशी मी थांबले, कारण माझ्या मते या प्रकरणाचं सार तिथेच आहे. साधन सोपं करायचं म्हटलं की पहिला विचार येतो तो बटणं कमी करण्याचा. आम्हीही बटणं कमी केली. ‘व्ह्यू’ मध्ये जाऊन नको ते टूलबार लपवले. ध्वनिमुद्रण, मीटर आणि निवडीची पट्टी एवढंच ठेवलं. पडदा मोकळा झाला, सगळ्यांना बरं वाटलं, पण कामात फरक थोडाच पडला. बाईंना बटणं सापडत नव्हती असं नव्हतंच. खिडकी त्यांना ‘किती डेसिबल?’ असं विचारत होती आणि त्याचं उत्तर त्यांच्यापाशी नव्हतं. चाळीस वर्षं वर्गात शिकवलेल्या, एका ओळीतला चुकलेला उच्चार मागच्या बाकावरून पकडणाऱ्या बाईंचा कान हा गटातला सर्वात तयार कान होता, आणि खिडकी त्या कानाला काहीच विचारत नव्हती.

गंमत अशी की तो प्रश्न त्याच खिडकीत होता, कोणाचं लक्ष जात नव्हतं. तिथे ‘रिड्यूस’च्या शेजारी ‘रेसिड्यू’ असा पर्याय असतो. तो निवडून ‘प्रीव्ह्यू’ दाबलं की सॉफ्टवेअर जे काढून टाकणार आहे तेवढंच ऐकवतं. बाईंना म्हटलं, आकडा विसरा. हे दाबा आणि ऐका. नुसता पंखा ऐकू आला तर ठीक. त्यात तुमचे शब्द कुजबुजल्यासारखे ऐकू आले तर पट्टी डावीकडे घ्या, शब्द जाईपर्यंत. बाईंनी अठ्ठेचाळीसवर ऐकलं आणि त्या कचऱ्यात त्यांना स्वतःचे ‘श’ आणि ‘ख’ सापडले. पट्टी खाली आणत आणत त्या नऊवर थांबल्या. मी असते तरी तिथेच कुठेतरी थांबले असते.

यात एक खाच आहे. ऐकून झाल्यावर पुन्हा ‘रिड्यूस’ निवडायला विसरलं आणि ‘ओके’ दाबलं, तर धडा जातो आणि फक्त पंखा उरतो. परळच्या ताईंचं तसं झालं. कंट्रोल-झेडने परत आलं, पण त्यांच्या काळजाचा ठोका चुकला. साधन करणाऱ्या कोणी हे वाचत असेल तर माझी कळकळीची विनंती आहे: ‘काय निघून जातंय ते ऐका’ हे वेगळं बटण असू द्या, निवडून ठेवण्याचा पर्याय नको. ऐकणं झालं की ते आपोआप मिटलं पाहिजे.

काय काय बदललं

काकूंच्या भीतीवर आधी उपाय केला, कारण ती गेल्याशिवाय बाकीचं काही शिकून उपयोग नव्हता. नियम एकच: वाचून झालं की कशालाही हात लावण्याआधी धडा वेव्ह फाइल म्हणून ‘मूळ’ नावाच्या फोल्डरमध्ये एक्स्पोर्ट करायचा. एका ट्रॅकचा, ४४,१०० हर्ट्‌झ, १६ बिटचा आवाज मिनिटाला साधारण पाच एमबी जागा घेतो. चाळीस मिनिटांचा धडा म्हणजे दोनशे एमबीच्या आसपास, हल्लीच्या पेनड्राइव्हला ते काहीच नाही. कंट्रोल-झेड असतंच, पण प्रकल्प बंद केला की मागे जायचे टप्पे पुसले जातात आणि नवख्याला नेमकी दुसऱ्या दिवशी आठवण होते. ‘मूळ’ फोल्डर झाल्यावर काकू पट्ट्या ओढून पाहायला लागल्या. चुकीचं झालं की हसायच्या आणि परत मूळ फाइल उघडायच्या. दोन आठवड्यांत त्या गटात सर्वात धीट झाल्या.

मग वाचतानाच्या गोष्टी. संपादनातलं निम्मं काम वाचताना टाळता येतं, हे मी सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगत राहिले. मे महिन्यात मुंबईत पंखा बंद करून वाचा म्हणणं म्हणजे माणसाला छळणं आहे. म्हणून पंखा राहिला, फक्त रेग्युलेटर खाली आला आणि माइक तोंडाच्या जवळ आला, एक वीत अंतरावर आणि थोडा तिरपा, म्हणजे ‘प’, ‘भ’ची फुंकर थेट आत जात नाही. अंतर निम्मं केलं की तोंडाचा आवाज माइकवर सुमारे सहा डेसिबलने वाढतो आणि पंखा आहे तिथेच राहतो. सहा डेसिबलचा हा फायदा कुठलीही पट्टी न ओढता आणि एकही व्यंजन न गमावता मिळतो. घुमणाऱ्या खोलीवर उपाय म्हणून दोघींनी साड्यांचं कपाट उघडून त्याच्यासमोर बसायला सुरुवात केली, तोही चांगला लागू पडला.

दुसरा नियम: लाल बटण दाबल्यावर आधी पाच सेकंद गप्प बसायचं. पंखा त्या दिवशी ज्या वेगावर आहे त्याचा नमुना त्या पाच सेकंदांत मिळतो. सॉफ्टवेअर शेवटचा घेतलेला नमुना लक्षात ठेवतं, त्यामुळे एका बैठकीत दोन धडे साफ करताना पहिल्याचा नमुना दुसऱ्याला लागू शकतो आणि निकाल विचित्र येतो. पाच सेकंदांची शांतता प्रत्येक फाइलच्या तोंडाशीच असली की नमुना कुठून घ्यायचा हा प्रश्न पडत नाही.

अडखळलेल्या वाक्यांसाठी आधी सगळे टाळी वाजवत. चुकलं की टाळी, मग वाक्य पुन्हा. टाळीचा उंच खांब पडद्यावर दिसतो आणि नंतर कापता येतं. पद्धत जुनी आणि चांगली, पण कापणं मागे उरतंच. ऑडॅसिटीच्या २०१८ च्या २.३ आवृत्तीपासून ‘पंच अँड रोल’ आहे. चुकीच्या जरा आधी, जिथे श्वास घेतला तिथे, क्लिक करायचं आणि शिफ्ट-डी दाबायचं. आधीची काही सेकंदं ऐकू येतात, तुम्ही मनात त्यांच्याबरोबर वाचता, आणि त्या जागेपासून नवं ध्वनिमुद्रण आपोआप सुरू होतं. वाचून उठलात की धडा चुकांशिवाय तयार. हेडफोन मात्र घालायलाच हवा, नाहीतर मागचं वाक्य स्पीकरमधून माइकमध्ये शिरतं. बँकेतल्या काकांना ही पद्धत इतकी आवडली की बाकीच्यांना त्यांनीच शिकवली, मला जावं लागलं नाही.

उरलेली कामं ज्यांना कानाचा निर्णय लागत नाही ती सगळी मी एका मॅक्रोत, म्हणजे एका आज्ञेत ओळीने होणाऱ्या कामांच्या यादीत, बांधली. ऐंशी हर्ट्‌झच्या खालची गडगड कापणं, मोठ्या-बारीक आवाजातलं अंतर कमी करणं, सरासरी पातळी एकसारखी करणं, वरचे माथे उणे तीन डेसिबलच्या आत ठेवणं. पातळीसाठी बोलक्या पुस्तकांच्या धंद्यातला एक रूढ निकष घेतला: सरासरी उणे तेवीस ते उणे अठरा डेसिबलच्या मधे, शिखर उणे तीनच्या आत. गिरगावच्या काकूंनंतर बोरिवलीच्या काकांचा धडा लागला तर मुलाला आवाज वर-खाली करावा लागू नये, एवढाच त्यामागचा हेतू. या मॅक्रोला कीबोर्डवरचा एक शॉर्टकट दिला. पंखा काढण्याचं काम त्यात मुद्दाम घातलं नाही. ते घातलं असतं तर बाईंच्या कानाचं काम पुन्हा एका आकड्याकडे गेलं असतं, आणि शिळ्या नमुन्याचा धोका होताच.

अशी वाटणी करताना मी प्रत्येक पट्टीला एकच प्रश्न विचारत होते: हिचं उत्तर दर धड्याला बदलतं का? ऐंशी हर्ट्‌झ बदलत नाही, म्हणून ते मी ठरवून टाकलं आणि लपवलं. पंखा बदलतो, म्हणून तो वाचणाऱ्याच्या हाती राहिला.

तपासणारा

‘फळ की पळ’ म्हणणारा तो कॉलेजातला मुलगा नंतर गटातच आला, तपासनीस म्हणून. तो एनव्हीडीए या फुकट मिळणाऱ्या स्क्रीन रीडरवर काम करतो. धडा दुप्पट वेगाने ऐकतो, खटकलं की कंट्रोल-एम दाबून तिथे खुणेची पट्टी लावतो आणि दोन शब्द लिहितो. ‘उच्चार’, ‘हॉर्न’, ‘परत वाचा’. फाइल वाचणाऱ्याकडे परत जाते तेव्हा खुणा जागच्या जागी असतात. प्रकल्प एकाच फाइलमध्ये असतो म्हणून हे जमतं.

त्याच्याबरोबर काम करताना सोपेपणाबद्दलचा माझा विचार आणखी स्पष्ट झाला. चित्रांची गोंडस बटणं असलेली काही नवी ॲप्स आम्ही त्याला दाखवली. पाहणाऱ्यांना ती सोपी वाटली. त्याच्या स्क्रीन रीडरला मात्र प्रत्येक बटणावर नुसतं ‘बटण, बटण, बटण’ ऐकू आलं, कारण त्यांना आत नावच दिलेलं नव्हतं. ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं आहे त्यांनाच दाराबाहेर ठेवणारा सोपेपणा आम्हाला नको होता.

जे सुटलं नाही

हॉर्न, कुकरची शिट्टी, पलीकडच्या इमारतीतलं ड्रिल यांच्यावर नॉइज रिडक्शन चालत नाही. ते फक्त सतत एकसारख्या चालणाऱ्या आवाजावर चालतं, हे सगळ्यांना पटवायला वेळ लागला. मे महिन्यात पहाटे गाड्या कमी म्हणून काकांनी साडेपाचला वाचून पाहिलं, तर कोकीळ. कोकिळेचा सूर माणसाच्या आवाजाच्याच पट्ट्यात पडतो, गाळणी लावावी तर आवाजही जातो. वाक्य पुन्हा वाचणं एवढाच उपाय, आणि पंच अँड रोलमुळे तो आता जड जात नाही.

एका क्लिकवर आवाज स्टुडिओसारखा करून देणाऱ्या ऑनलाइन सेवाही आम्ही वापरून पाहिल्या. पंखा छान जातो. पण एका धड्यात ‘भ’चा ‘ब’ झालेला मुलाने पकडला. अशी यंत्रं नुसता आवाज गाळत नाहीत, जिथे नीट ऐकू येत नाही तिथे अंदाजाने तो नव्याने घडवतात, आणि तो अंदाज चुकला तर चूक स्वच्छ, खणखणीत आवाजात ऐकू येते. विज्ञानाच्या पुस्तकात ते परवडत नाही. मोडक्या ध्वनिमुद्रणाला शेवटचा उपाय म्हणून आम्ही त्या ठेवल्या आहेत, आणि तशी फाइल मुलाने ओळ न ओळ तपासल्याशिवाय पुढे जात नाही.

शाळा उघडली तेव्हा सहावी-सातवीचा इतिहास, भूगोल आणि मराठी तयार होतं. विज्ञानाचे काही धडे जुलैत गेले. गणित बाकी आहे. अपूर्णांक कसा वाचायचा, कंस कुठे उघडला आणि कुठे मिटला हे ऐकणाऱ्याला कसं कळवायचं, आकृतीचं वर्णन किती करायचं, यावर बाई आणि तो मुलगा सध्या बसलेले आहेत. बाई एक उदाहरण वाचतात, तो ऐकून वहीशिवाय सोडवायचा प्रयत्न करतो, आणि जिथे अडतो तिथे बाई वाचण्याची रीत बदलतात.